आधी गोळी, मग सिगारेट

झोपेच्या गोळीची सवय सुटून जेमतेम तीन महिने झालेत आणि आता सिगारेटही सोडायची वेळ आली आहे. अशा वेळी घराने काय करावे? कुंभकोणमच्या एका मराठी घराचा अनुभव.

घरातल्या कर्त्या माणसाचे एक व्यसन सुटले की सगळे घर जरा मोकळा श्वास घेते. मग लगेच कुणीतरी म्हणते, ‘एवढे जमले ना, आता तेही सोडून टाका!’ म्हणणाऱ्याच्या मनात आपलेपणाच असतो. पण एका सवयीतून नुकत्याच सावरलेल्या शरीराला दुसरा धक्का किती सोसेल, याचा विचार सहसा कुणी करत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला आपण लगेच पाण्याची घागर उचलायला लावत नाही. व्यसनाच्या बाबतीत मात्र तसेच वागतो.

तमिळनाडूतल्या कुंभकोणममधल्या एका जोडप्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांची नावे सांगण्याचे कारण नाही. मराठी घराणे, पण पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेले. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला गादी स्थापन केली, तेव्हापासून अशी कितीतरी घराणी कावेरीकाठी रुजली. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी वारले आणि राज्य संपले, पण घरातली मराठी टिकून राहिली. या घरातही नवरा-बायको आपसात तंजावरी वळणाची मराठी बोलतात, शेजारपाजाऱ्यांशी तमिळ बोलतात आणि पुण्याला दिलेल्या मुलीशी फोनवर दोन्हींची सरमिसळ करतात.

गृहस्थ निवृत्त अधिकारी, वय एकसष्ट. एकतीस वर्षे सिगारेट ओढणारे, रोजच्या बारा-चौदा. २०१७ साली आई गेली आणि त्यांची झोप उडाली. कुणीतरी अल्प्राझोलामची छोटी गोळी लिहून दिली, पंधरा दिवसांसाठी. त्या पंधरा दिवसांची पाच वर्षे झाली. रात्रीची पाव मिलिग्रॅमची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमवर गेली, पुढे सकाळीही अर्धा मिलिग्रॅम सुरू झाला.

वास्तविक अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम अशी औषधे भारतात २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. दुकानदाराने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची, रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची, असा नियम आहे. पण ओळखीच्या दुकानात जुनी, घडी पडून फाटत आलेली चिठ्ठीही चालून जाते. या गृहस्थांची चालून गेली.

एका दमात सोडण्याची चूक

जुलै २०२२ मध्ये त्यांनी कुठेतरी वाचले की या गोळ्यांनी स्मरणशक्ती मंदावते. स्वाभिमानी माणूस. ‘आजपासून बंद,’ असे म्हणून त्यांनी पाकीट केराच्या टोपलीत टाकले. पहिली रात्र जागून गेली. दुसऱ्या दिवशी हातांना कंप सुटला, शेजारच्या भांडेवाल्याच्या हातोड्याचा आवाज डोक्यात घुसू लागला, उजेड डोळ्यांना टोचू लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत ते कोसळले आणि त्यांना अपस्मारासारखा झटका आला. पत्नीने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याच्या तोंडाला फेस आलेला पाहिला.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन असते. त्याचे काम शांतवण्याचे, गाडीच्या ब्रेकसारखे. डायझेपाम, अल्प्राझोलाम वगैरे ‘बेंझोडायझेपिन’ गटातली औषधे या ब्रेकचा जोर वाढवतात. महिनोन्‌महिने बाहेरून जोर मिळू लागला की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. अशात गोळी एकाएकी काढून घेतली की गाडी उतारावर मोकळी सुटते. झोप जाते, छाती धडधडते, कंप येतो, आवाज आणि उजेड सोसवत नाही, आणि काहींना झटकेही येतात.

हे ज्ञान काही नवे नाही. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेले या गटातले पहिले औषध १९६० साली बाजारात आले आणि एकदम बंद केल्यावर झटके येऊ शकतात हे १९६१ सालीच दिसून आले होते. तरी पुढची वीस वर्षे जगभर ही औषधे निर्धोक म्हणून दिली गेली. न्यूयॉर्कच्या बार्बरा गॉर्डन या दूरचित्रवाणीच्या निर्मात्या. डॉक्टरांच्याच सल्ल्यावरून त्यांनी व्हॅलियम एका दिवसात बंद केले आणि त्यांना मनोरुग्णालयात राहावे लागले. तो अनुभव त्यांनी १९७९ साली पुस्तकात लिहिला आणि पुढे त्यावर चित्रपटही निघाला. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या प्राध्यापक हेदर अॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. १९९९ साली प्रसिद्ध झालेली त्यांची मार्गदर्शिका आजही अनेक डॉक्टर उघडून पाहतात. तिचे सार थोडक्यात असे: घाई नको, मात्रा थोडी थोडी कमी करा आणि वेग रुग्णाला सोसेल तसा ठेवा.

कुंभकोणमहून तंजावर साधारण चाळीस किलोमीटर. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी त्याच धर्तीवर उपचार केले. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून त्याऐवजी सावकाश उतरणारे डायझेपाम दिले आणि दर दोन-तीन आठवड्यांनी त्याची मात्रा थोडीशी कमी केली. हे वेळापत्रक प्रत्येकाचे वेगळे असते. कुणाचे पाहून कुणी करू नये. या गृहस्थांना चौदा महिने लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी शेवटचा पाव तुकडा घेतला. त्या दिवशी पत्नीने घरात पुरणपोळी केली.

पोटरीतली कळ

सुटलो, असे वाटते न वाटते तोच नोव्हेंबरमध्ये दुसरे संकट आले. महामहम तलावाकडे फिरायला गेले की शंभर-दीडशे पावलांवर त्यांच्या डाव्या पोटरीत कळ येई. थांबले की कळ जाई, चालू लागले की पुन्हा येई. डॉक्टरांनी दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजून पाहिला. घोट्याचा बराच कमी भरला. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या.

‘सिगारेट सोडली आणि रोज नेमाने चाललात तर पाय सुधारेल,’ डॉक्टर म्हणाले. ‘ओढत राहिलात तर एखादी साधी जखमही भरून येणार नाही. पुढे पाय गमावलेले लोक मी पाहिले आहेत.’

घरी परतताना रिक्षात दोघेही गप्प होते. घरात शिरल्यावर पत्नी म्हणाली, “अहो, पाय महत्त्वाचा की सिगारेट?”

“पाय,” ते म्हणाले. “पण पुन्हा तो झटका आला तर?”

तिच्याही मनात हेच होते. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत हा माणूस पहाटे दोन वाजता उठून अंगणात येरझारा घालत असे. अजूनही त्यांना सलग चार तासांपलीकडे झोप लागत नव्हती. लग्नाच्या मिरवणुकीतला नादस्वर खिडकीखालून गेला की ते कानावर हात ठेवत. या सगळ्यात त्यांना टेकू होता तो सिगारेटचा. तोही काढून घेतला तर ते पुन्हा गोळीकडे वळतील, अशी तिला धास्ती होती.

तिची भीती अनाठायी नव्हती. अॅश्टनबाईंच्या मार्गदर्शिकेतही गोळी कमी करत असतानाच सिगारेट सोडण्याचा आग्रह धरलेला नाही. एकाच वेळी दोन्हींची अपेक्षा करणे फार होईल, गोळी पूर्ण सुटल्यावर सिगारेट सोडणे पुष्कळांना सोपे जाते, असे त्यांचे निरीक्षण होते. पण इथे पायाला किती थांबवायचे, हाही प्रश्न होता.

डॉक्टरीणबाईंनी मधला मार्ग काढला. ‘उद्याच सोडा असे मी म्हणणार नाही आणि वर्षभर थांबा असेही म्हणणार नाही,’ त्या म्हणाल्या. ‘दोन महिने घ्या. तोवर झोप थोडी बसू दे. मग एक तारीख ठरवा आणि त्या तारखेला सोडा.’

तमिळ लोकांत एक म्हण आहे, तै महिना लागला की वाट उघडते. पोंगलचा सण हाच तै महिन्याचा पहिला दिवस. २०२४ च्या पोंगलची पाहुण्यांची गर्दी ओसरल्यावरचा सोमवार त्यांनी ठरवला.

तयारीचे दोन महिने

ते दोन महिने रिकामे गेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना काही गोष्टी नीट समजावून सांगितल्या.

पहिली गोष्ट निकोटिनच्या स्वभावाची. सिगारेटचा झुरका घेतला की निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. पण रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरू लागले की माणूस बेचैन होतो आणि पुढच्या सिगारेटने ती बेचैनी जाते. ओढणाऱ्याला वाटते, सिगारेटने मन शांत झाले. प्रत्यक्षात आधीच्या सिगारेटने लावलेली आग पुढची विझवत असते. २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात, सिगारेट सोडलेल्यांची चिंता आणि उदासी काही आठवड्यांनंतर ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी झालेली दिसली. म्हणजे ज्याला ते टेकू समजत होते, तो टेकू नव्हताच.

दुसरी गोष्ट औषधाची. सिगारेट सोडवण्यासाठी काहींना ब्युप्रोपिऑन नावाची गोळी देतात. पण तिने झटके येण्याचा धोका वाढतो. ज्यांना पूर्वी झटका आला आहे किंवा ज्यांनी शांतवणाऱ्या गोळ्या एकाएकी बंद केल्या आहेत, त्यांना ती देत नाहीत. म्हणून ‘मित्राला लागू पडली’ म्हणून परस्पर आणलेली गोळी अशा रुग्णाला घातक ठरू शकते. आपल्याला झोपेच्या गोळ्यांची सवय होती, हे सिगारेट सोडवणाऱ्या डॉक्टरांना सांगायला लाज वाटू देऊ नये. या गृहस्थांना निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे च्युइंगगम दिले गेले. ते साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळायचे नसते. सावकाश चावायचे, जिभेला चुरचुर लागली की विडा धरावा तसे गालात धरून ठेवायचे, चुरचुर गेली की पुन्हा चावायचे. त्याच्या आधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा-कॉफी घ्यायची नाही, कारण तोंड आंबट झाले की निकोटिन नीट शोषले जात नाही.

तिसरी गोष्ट वहीची. रोज सकाळी आणि रात्री नाडीचे ठोके, झोपेचे तास आणि त्रास लिहायचे. ‘कशासाठी?’ असे त्यांनी विचारले. त्यावर बाई म्हणाल्या, ‘गोळी सुटल्याचा त्रास आणि सिगारेट सुटल्याचा त्रास जुळ्या भावांसारखे दिसतात. झोप नाही, चिडचिड, लक्ष लागत नाही, हे दोन्हींत असते. पण सिगारेट सुटली की नाडी मंदावते, भूक वाढते, पोट साफ होत नाही, आणि तिसऱ्या दिवसानंतर त्रास उतरू लागतो. गोळीच्या त्रासात नाडी जलद चालते, अंग थरथरते, आवाज सोसवत नाही. वहीत लिहिलेले असले म्हणजे मला ओळखता येईल.’

शेजारीपाजारीही आपापल्या परीने मदतीला आले. कुंभकोणम म्हणजे विड्याच्या पानांचे गाव. कावेरीच्या मळ्यांतल्या इथल्या कोवळ्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एका जुन्या स्नेह्यांनी सुचवले, ‘धूर बंद करा आणि पान-सुपारी-तंबाखू धरा, छाती मोकळी राहील.’ पत्नीने हात जोडून नको म्हटले. धूर सोडून तंबाखू खाण्याने निकोटिन सुटत नाही, तोंडाच्या कर्करोगाचा धोका मात्र पदरात पडतो. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे.

सहावी रात्र

सोमवार उजाडला. टपरीवर जळत्या काथ्याच्या दोरीला सिगारेट पेटवायची आणि मग पेपर घ्यायचा, असा एकतीस वर्षांचा शिरस्ता होता. त्या दिवशी पेपर घरी मागवला.

तिसरा दिवस वाईट जाणार हे ठाऊक होते आणि तो तसाच गेला. त्यांनी मुलीचा फोन मधेच ठेवून दिला, सांबारात मीठ जास्त म्हणून ताट सरकवले. पत्नीने मनाची तयारी केली होती. ती काहीच बोलली नाही. चौथा दिवस थोडा बरा गेला. आता उतार पडणार, अशी दोघांची समजूत झाली.

पण पाचव्या दिवशी भलतेच घडले. संध्याकाळी त्यांची छाती धडधडू लागली आणि हाताला कंप आला. वहीत नाडी १०४ लिहिली गेली. सहाव्या रात्री साडेबारापर्यंत ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. मग उठून बसले.

“हे सिगारेटचे नाही,” ते म्हणाले. “हे तेच आहे. गोळी सोडली तेव्हाचे. पुन्हा सुरू झाले.”

ती काही बोलायच्या आत ते पुढे म्हणाले, “एकच दे. फक्त आजच्या रात्रीपुरती.”

“एक काय? घरात काही नाही.”

“आहे. देवघराच्या फडताळात, उदबत्त्यांच्या पुड्यामागे. चार गोळ्या आहेत.”

ती चपापली. ऑक्टोबरमध्ये उरलेल्या गोळ्या परत करा असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते. तिने चार ठेवून घेतल्या होत्या. पुन्हा झटका आला आणि गाडी मिळाली नाही तर, एवढाच विचार तिच्या मनात होता. ते पाकीट कुठे आहे हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी तिची खात्री होती.

“तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

म्हणजे तीन महिने त्यांना जागा ठाऊक होती आणि त्यांनी हात लावला नव्हता. अंधारात बसून तिने हे मनात पुन्हा एकदा मोजले. मग ती म्हणाली, “तीन महिने तुम्ही घेतली नाही. मग आज मी माझ्या हाताने कशी देऊ? सकाळपर्यंत थांबू. सकाळी डॉक्टरांना विचारू. त्या म्हणाल्या घ्या, तर घ्या.”

‘नाही’ म्हणण्यापेक्षा ‘सकाळपर्यंत थांबू’ हे त्यांना मानवले. दोघे बाहेर ओट्यावर येऊन बसली. ती त्यांच्या सासूबाईंच्या, म्हणजे आपल्याच आईच्या जुन्या गोष्टी सांगत राहिली, ते ऐकत किंवा न ऐकत राहिले. अडीचला त्यांनी पाणी मागितले. साडेतीनला ते खांबाला टेकून थोडे पेंगले. पहाटे समोरच्या मामी सडा घालून कोलम काढायला बाहेर आल्या, तेव्हा ही दोघे तशीच बसलेली पाहून त्यांनी काही विचारले नाही. आत जाऊन कॉफीचे दोन पेले तेवढे आणून ठेवले.

दोष कॉफीचा

सकाळच्या पहिल्या बसने दोघे तंजावरला पोहोचली. पत्नीने चार गोळ्यांचे पाकीट पर्समधून काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. डॉक्टरीणबाईंनी ते खणात टाकले आणि वही उघडली.

पहिले चार दिवस नाडी मंद होत गेली होती, ७८ वरून ७०. अपेक्षेप्रमाणेच. पाचव्या दिवशी ती एकदम वर गेली होती.

‘या आठवड्यात सिगारेट सोडून दुसरे काय बदलले?’ त्यांनी विचारले.

‘काही नाही,’ ते म्हणाले.

‘खाण्यापिण्यात?’

यावर पत्नी म्हणाली, “कॉफी थोडी जास्त झाली. सिगारेटची आठवण आली की मी पेला पुढे करते.”

‘दिवसाला किती?’

तिने बोटांवर मोजले. आधी चार होत असत. आता सात.

आणि कॉफीही साधीसुधी नव्हे. कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ सगळ्या तमिळनाडूत नावाजलेली. पितळी गाळणीतला दाट काढा, निर्भेळ दूध, पितळेचा पेला आणि वाटी. पाहुण्याला ती न देणे हा अपमान आणि घरच्या माणसाची माया तीच.

डॉक्टरीणबाईंनी मग जे सांगितले, ते सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावे. सिगारेटच्या धुरात अशी द्रव्ये असतात की ज्यांनी यकृतातले एक विकर जोमाने काम करू लागते. हे विकर कॉफीतल्या कॅफिनचा निचरा करते. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन भराभर निघून जाते आणि त्याला चार पेलेही बाधत नाहीत. धूर बंद झाला की काही दिवसांत त्या विकराचा जोर ओसरतो. मग तेवढ्याच कॉफीने रक्तातले कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनचे च्युइंगगम चालू असले तरी फरक पडत नाही.

इथे तर कॉफी चारावरून सातवर गेली होती. म्हणजे त्यांचे शरीर जुन्या हिशोबाने तेरा-चौदा पेले सोसत होते. नुकताच सावरू लागलेला मेंदू आणि त्यावर हा मारा. छाती धडधडली, हात थरथरले, झोप उडाली, यात नवल ते काय?

‘गोळी घेतली असती तर?’ त्यांनी हळूच विचारले.

‘तर बरे वाटले असते,’ बाई म्हणाल्या. ‘आणि तुम्ही कायमचे समजून बसला असता की मला गोळीशिवाय जगता येत नाही. आणि दोष मात्र कॉफीचा होता.’

कॉफी एकदम बंद करू नका, असेही त्यांनी बजावले, कारण तिची सवय असलेल्याचे डोके त्याने दुखते. आठवड्याभरात सातावरून दोनवर यायचे ठरले. दुसरा पेला दुपारी बाराच्या आत. पत्नीने घरी येऊन स्वतःच एक युक्ती केली. काढ्याच्या पुडीत चिकोरीचे प्रमाण वाढवले. चिकोरी ही एक मुळी, तिच्यात कॅफिन नसते. रंग आणि कडवटपणा राहतो, पेला हातात राहतो, छाती मात्र धडधडत नाही. पाच दिवसांनी वहीत नाडी ७२ लिहिली गेली. त्या रात्री ते साडेचार तास झोपले.

घराने काय शिकावे

या अनुभवातून काही गोष्टी प्रत्येक घराला घेण्यासारख्या आहेत.

झोपेच्या किंवा शांतवणाऱ्या गोळ्या काही आठवड्यांहून अधिक काळ घेतल्या असतील, तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या गटातल्या सर्व औषधांच्या माहितीपत्रकात सवय लागण्याचा आणि एकदम बंद केल्यास होणाऱ्या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणणाऱ्या घरांत हा इशारा पोहोचलेला नसतो.

दोन व्यसने असतील तर दोन्ही एकाच मुहूर्तावर सोडण्याचा हट्ट धरू नये. आधी कोणते आणि नंतर किती दिवसांनी, हे डॉक्टरांनी ठरवावे. पण ‘नंतर’ची तारीख मात्र ठरलेली असावी. नाहीतर ते ‘नंतर’ कधीच येत नाही.

उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नयेत. आणि रात्रीच्या वेळी, घाबरलेल्या अवस्थेत, ‘एकच’ असा निर्णय घेऊ नये. मात्र झटका आला, शुद्ध हरपली, भ्रम होऊ लागला किंवा छातीत दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

आधार हवा असेल तर तो मोफत मिळतो. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक २०१८ पासून सिगारेट-विडीच्या पाकिटांवरच छापलेला असतो. मनाच्या त्रासासाठी २०२२ साली सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. पुण्याचे ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, तेव्हापासून व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही समजावून सांगण्याची गरज महाराष्ट्राला ठाऊक झाली आहे. घरच्यांनी सांभाळायचे ते नेमके काय, हेच बहुधा त्यांना कुणी सांगितलेले नसते.

या गृहस्थांचे च्युइंगगम तीन महिन्यांत हळूहळू बंद झाले. एप्रिल २०२४ मध्ये मायवरमला एका लग्नात, जेवण झाल्यावर, कुणीतरी पुढे केलेली सिगारेट त्यांनी ओढली. घरी येऊन त्यांनी ते स्वतःच सांगितले. पत्नीने आदळआपट केली नाही. वहीत तेवढी तारीख लिहिली. त्यानंतर तशी दुसरी तारीख लिहिण्याची वेळ आलेली नाही.

झोप आता साडेपाच तासांवर आली आहे. नादस्वर खिडकीखालून गेला तरी चालतो. दोघे रोज संध्याकाळी महामहम तलावावर जातात. बारा वर्षांनी एकदा येणारा महामहमचा स्नानोत्सव २०१६ साली झाला, आता तो २०२८ साली आहे. पुण्याची मुलगी आणि जावई नातवंडांना घेऊन येणार आहेत. तोवर तलावाभोवतीची प्रदक्षिणा कुठेही न थांबता पूर्ण करायची, असे त्यांनी ठरवले आहे. पूर्वी पाचदा थांबावे लागे, सध्या दोनदा थांबावे लागते.